गुनाह आणि गुन्हा : शब्द एक, हिशेब दोन

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या घरांत हे दोन्ही शब्द रोज कानावर पडतात. अम्मी म्हणते, "असं बोलू नको, गुनाह होतो." आणि बातमीत येतं, "तिघांवर गुन्हा दाखल."

मूळ शब्द एकच, फारसीतला 'गुनाह'. 1490 मध्ये मलिक अहमदने इथे निजामशाही उभी केली. दख्खनच्या अशा सल्तनतींच्या कारभारातून कितीतरी फारसी शब्द मराठीत रुळले. मराठीने 'गुन्हा' कायद्यासाठी ठेवला. धर्माच्या बाबतीत 'पाप' चालू राहिलं. उर्दू-दखनीत मात्र गुनाह म्हणजे अल्लाहची नाफरमानी. कायद्याच्या गुन्ह्याला तिथे 'जुर्म' म्हणतात.

हा फरक फक्त भाषेचा नाही. "केस झाली नाही, म्हणजे काही चुकलं नाही," असं आपण सहज धरून चालतो. पाठीमागे कुणाची निंदा केली तर पोलीस येत नाहीत. पण कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (आयत 12) काही संशयांनाही 'इस्म', म्हणजे गुनाह म्हटलंय आणि गीबतीची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केलीय.

दुसरं उदाहरण बहिणीच्या वाट्याचं. "माहेर तुटेल" या भीतीने ती हक्कसोडपत्रावर सही करते. कागद पक्का होतो, सातबाऱ्यावरून नाव जातं, कुठेही गुन्हा नोंदत नाही. पण सूरह निसामध्ये (आयत 7) माल थोडा असो वा जास्त, स्त्रियांचा वाटा ठरवून दिलेला आहे. तिने राजीखुशीने सोडला तर गोष्ट वेगळी. भीड घालून, दबाव आणून घेतला तर तो गुनाहच.

मग तौबा केली की झालं का? उलेमा सांगतात : गुनाह थांबवा, मनापासून पस्तावा करा, पुन्हा न करण्याचा इरादा करा. पण माणसाचा हक्क मारला असेल तर तो परतही करावा लागतो, किंवा त्याच्याकडून माफी घ्यावी लागते. नुसती तस्बीह फिरवून बहिणीचा वाटा फिटत नाही.

आणि लहान मुलांना ऊठसूट "गुनाह लागेल" म्हणून घाबरवू नका. हदीसनुसार बालिग होईपर्यंत मुलांचा गुनाह लिहिला जात नाही. त्यांना प्रेमाने समजवा. हिशेब आपण मोठ्यांनी आपला तपासायचा आहे.