पर्यावरण शिक्षण, ग्रामीण लोकसमूहांचे

गावातील स्त्रीपुरुष व मुले यांनी आपल्या परिसरातील जमीन, पाणी, वने, कुरणे व पशुधन यांची स्थिती एकत्रितपणे समजून घ्यावी आणि त्या ज्ञानाच्या आधारे ही साधने पुढील पिढ्यांनाही पुरतील अशा रीतीने वापरण्याचे नियम ठरवावेत, यासाठी चालणाऱ्या शिक्षणप्रक्रियेस ही संज्ञा लावतात. शालेय पर्यावरण शिक्षणात विद्यार्थी केंद्रस्थानी असतो. येथे संपूर्ण गाव हाच शिकणारा घटक मानला जातो. याचे कारण या साधनांच्या स्वरूपातच आहे. विहिरी खाजगी असल्या, तरी त्यांना पाणी पुरविणारा भूस्तर सामाईक असतो. एका शेतकऱ्याने पाणी जपून वापरले आणि शेजाऱ्याने अधिक खोल विंधन विहीर घेतली, तर पहिल्याचा संयम निष्फळ ठरतो. गायरान व वन यांच्या बाबतीतही हेच घडते. त्यामुळे व्यक्तीला ज्ञान देणे पुरेसे होत नाही; ते ज्ञान सर्वांचे व्हावे लागते आणि त्याचे रूपांतर सर्वांना बांधणाऱ्या निर्णयात व्हावे लागते.

संकल्पनेचा विकास : स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेनंतर पर्यावरण शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय पातळीवर विचार सुरू झाला. १९७५ च्या बेलग्रेड सनदेत आणि १९७७ च्या तिबिलिसी परिषदेत त्याची उद्दिष्टे निश्चित करण्यात आली. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य व सहभाग ही तिबिलिसी परिषदेने सांगितलेली पाच उद्दिष्टे होत. शाळेबाहेरील प्रौढांचे शिक्षणही तिने यात अंतर्भूत केले. भारतात अहमदाबाद येथे १९८४ मध्ये पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झाले. २००५ ते २०१४ हे दशक संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून पाळले.

ही परिभाषा नवी असली, तरी तिच्यातील आशय भारतीय ग्रामजीवनाला सर्वस्वी अपरिचित नव्हता. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत वृक्षतोडीवर लोकसंकेताचे बंधन असे. परिसर व उत्पादक श्रम यांतून शिकण्याचा विचार महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे मांडलेल्या नई तालीम पद्धतीत आढळतो. गाडगे महाराजांनी दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून त्याचा अर्थ सांगितला. आधी कृती व मग निरूपण हा त्यांच्या लोकशिक्षणाचा क्रम होता.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. हा खडक मुळात सच्छिद्र नसल्याने पाणी मुख्यतः त्याच्या अपक्षीण थरांत व भेगांत साठते. साठवणक्षमता मर्यादित राहते [⟶ भूजल]. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस अल्प व अनियमित असतो. १९७२ च्या दुष्काळात या पट्ट्यातील लाखो लोक दुष्काळी कामांवर राबले. बांधबंदिस्ती व पाझर तलाव यांची कामे झाली. तथापि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट क्षेत्र ही एकच रचना आहे, हे कामावर येणाऱ्या मजुराला क्वचितच सांगितले गेले. बांधाचे प्रयोजन न कळल्यामुळे त्याची देखभाल सरकारची, अशी समजूत राहिली. या अनुभवातूनच पुढील काळातील काही महत्त्वाचे प्रयोग उभे राहिले.

पाणीपंचायत : पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सु. १६ हेक्टर माळजमीन भाडेपट्ट्याने घेऊन १९७४ पासून मृद् व जलसंधारणाचे प्रात्यक्षिक केले. ग्रामगौरव प्रतिष्ठानमार्फत त्यातून पाणीपंचायतीची चळवळ निर्माण झाली. तिची सूत्रे पुढीलप्रमाणे होती : योजना व्यक्तीची नसून गटाची असावी, पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरावा (दरमाणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर), जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये, भूमिहीनांनाही वाटा असावा, उसासारखी अतिशय पाणी लागणारी पिके घेऊ नयेत आणि लाभधारकांनी खर्चाचा पाचवा हिस्सा उचलावा. ही सूत्रे गटाच्या बैठकांतून पटवून देणे हाच येथील शिक्षणाचा गाभा होता. पाणी थोडे असताना ते कोणाचे, हा प्रश्न टाळून संधारणाची शिकवण देता येत नाही, हे पाणीपंचायतीने दाखवून दिले.

राळेगणसिद्धी व हिवरे बाजार : पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांनी १९७५ पासून ग्रामविकासाचे काम केले. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान या पंचसूत्रीमुळे संधारण हे केवळ बांधकाम न राहता गावाच्या आचारसंहितेचा भाग बनले. याच अनुभवावर महाराष्ट्र शासनाची आदर्श गाव योजना (१९९२) आधारलेली आहे.

याच जिल्ह्यातील (अहमदनगर; २०२४ पासून अहिल्यानगर) हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९ नंतर हीच दिशा धरली. सु. ४०० मिमी. पावसाच्या या गावात डोंगरउतारावर समपातळी चर, बांध व वृक्षलागवड ही कामे श्रमदानाने व योजनेच्या साहाय्याने झाली. सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास आणि ऊस व केळी लावण्यास बंदी घालण्यात आली. चराईबंदीतून वाढलेले गवत मात्र कापून नेण्याची मुभा ठेवली गेली; त्यामुळे निर्बंधाचा लाभ पशुपालकास प्रत्यक्ष दिसला. पाण्याचा वार्षिक ताळेबंद हे या गावाचे शैक्षणिक दृष्ट्या विशेष लक्षणीय कार्य होय. पर्जन्यमापकावरील व निरीक्षण विहिरींतील नोंदी ग्रामसभेपुढे ठेवून त्या वर्षीची पिके ठरविली जातात. या मोजणीत शाळेतील मुलेही भाग घेतात.

पाण्याचा ताळेबंद : त्याचे अंकगणित प्राथमिक शाळेतील मुलालाही करता येण्याजोगे असते. एका हेक्टरवर पडलेला १ मिमी. पाऊस म्हणजे १० घन मीटर (१०,००० लिटर) पाणी. यावरून १,००० हेक्टर क्षेत्राच्या गावात ४०० मिमी. पाऊस झाल्यास ४० लाख घन मीटर पाणी पडते. यातून बाष्पीभवन व वाहून जाणारे पाणी वजा केल्यावर मातीतील ओलावा, बंधाऱ्यांतील साठा व भूजल मिळून जे उरते, ती गावाची जमा होय. माणसे, जनावरे व पिके यांची गरज ही खर्चाची बाजू. दीड हजार वस्तीच्या गावाला दरमाणशी रोज ५५ लिटर या मानाने वर्षाला सु. ३०,००० घन मीटर पाणी लागते. उसाला पाटपद्धतीने हेक्टरी २०,००० घन मीटर वा त्याहून अधिक पाणी द्यावे लागत असल्याने संपूर्ण गावाचे वर्षभराचे घरगुती पाणी अवघ्या दीड हेक्टर उसाला जेमतेम पुरते. असा आकडा ग्रामसभेच्या फळ्यावर लिहिला गेला, की पीक निवडण्याची बाब केवळ खाजगी उरत नाही.

मेंढा (लेखा) येथील अभ्यासगट : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात वनाच्या संदर्भात वेगळी पद्धत विकसित झाली. देवाजी तोफा व इतर ग्रामस्थ आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहयोगातून तेथे अभ्यासगट सुरू झाले. अभ्यासगटात गावकरी व बाहेरील जाणकार एकत्र बसून कायदे, वनोपज, मध, बांबू इ. विषयांची चर्चा करतात. मात्र तेथे निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत व तोही सर्वसहमतीने होतो. या विभागणीमुळे बाहेरील तज्ञाला आपले ज्ञान मांडता येते, पण गावावर मत लादता येत नाही आणि गावकऱ्यांनाही निर्णयाच्या दडपणाशिवाय शंका विचारता येतात. मधमाश्या न मारता पोळ्याचा केवळ मधाचा भाग काढून घेण्याची रीत हा अशा अभ्यासाचाच विषय होता. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये २००९ मध्ये या गावाला सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. कायद्याचा अभ्यास आधीपासून चालू असल्यामुळे गावाला या हक्कांचा उपयोग करून घेता आला [⟶ ग्रामसभा].

व्यापक कार्यक्रम : आंध्र प्रदेशात २००३ पासून सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत चाललेल्या शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्पात शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस व विहिरींची पातळी मोजली आणि रब्बीपूर्वी पीकपाण्याचा हिशेब केला. तेथे पिकांवर बंदी घातलेली नव्हती. तरीही आकडे उघड झाल्यावर अनेकांनी कमी पाण्याची पिके निवडली. महाराष्ट्रात पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. निवडक ग्रामस्थांना निवासी शिबिरात माथा ते पायथा उपचारांचे शिक्षण देऊन त्यांच्यामार्फत गावाचे श्रमदान घडविणे, हे तिचे स्वरूप होते. २०१९ मध्ये ती ७६ तालुक्यांत झाली. केंद्र शासनाच्या अटल भूजल योजनेत (२०१९) महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींनी ताळेबंद व जलसुरक्षा आराखडे तयार करावेत, अशी तरतूद होती. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार तयार करावयाची लोकजैवविविधता नोंदवही हेही अशा शिक्षणाचे साधन ठरू शकते. मात्र ती बाहेरच्या व्यक्तीने भरून दिल्यास तिचे शैक्षणिक मूल्य उरत नाही.

मर्यादा : या शिक्षणाच्या मर्यादा प्रामुख्याने चार प्रकारच्या आहेत. (१) निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. चराईबंदीचा फटका प्रथम शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना बसतो, तर वाढलेल्या भूजलाचा लाभ विहीर असणाऱ्यांना होतो. पाणीपंचायतीसारखी वाटपाची व्यवस्था नसेल, तर संधारणातून विषमता वाढू शकते. (२) पाणी व सरपण आणण्याचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात. पण ज्या सभेत नियम ठरतात तेथे त्यांचा आवाज अनेकदा क्षीण असतो. (३) पुरवठा वाढविण्याचे काम दृश्य व उत्साहवर्धक असते, मागणीवर मर्यादा घालण्याचे काम अप्रिय असते. त्यामुळे चर खणणारी गावे अनेक, परंतु पिकांवर नियंत्रण ठेवणारी गावे मोजकीच आढळतात. भूजल उपसून अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यांत साठविण्याची प्रथा हे याचेच उदाहरण होय. तीत सामाईक पाणी खाजगी होते व बाष्पीभवनाने त्याचा काही भाग वायाही जातो. (४) अनेक प्रयोग एखाद्या नेत्याच्या नैतिक अधिकारावर उभे असतात. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. तथापि स्थानिक मोजणी व लोकमत यांचे पाठबळ नसल्यास असा कायदा गावपातळीवर अंमलात आणणे कठीण जाते.

मूल्यमापन : भरविलेली शिबिरे, लावलेली रोपे वा खणलेले चर यांच्या संख्येवरून या शिक्षणाचे यश ठरविता येत नाही. उन्हाळ्यातील विहिरींची पातळी, कमी पावसाच्या वर्षी बदललेली पीकरचना, भूमिहीनांना मिळालेला वाटा, गावाकडे असलेल्या सलग नोंदी आणि नेतृत्व बदलल्यानंतरही पाळले जाणारे नियम, या कसोट्या अधिक विश्वसनीय होत. यांपैकी अखेरची कसोटी सर्वांत कठीण होय. कारण एका पिढीने दुष्काळातून शिकलेली गोष्ट दुष्काळ न पाहिलेल्या पिढीला मोजणी व चर्चा यांतूनच शिकावी लागते. मुलांना पर्जन्यमापकाच्या नोंदी घेण्यास लावणे व ग्रामसभेत त्या नोंदींना स्थान देणे यांचे महत्त्व या दृष्टीने विशेष आहे.