पेठ आधी की तट आधी?

जुन्या हुबळीत राहून ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळणाऱ्यास हे ध्यानात ठेवणे भाग आहे की, कापडाच्या व्यापाराने गबर झालेली हुबळीची पेठ १६७३ साली मराठी फौजेने लुटली, आणि त्या लुटीतून इंग्रज कंपनीची वखारही सुटली नाही.

पटावरही तट नसलेल्या पेठेची तीच गत होते. संगणकाविरुद्ध खेळताना आरंभीच लेखनविद्येमागे लागणे खपून जाते. परंतु पटावर हाडामांसाचे प्रतिस्पर्धी असता, शेजाऱ्याची सरहद्द नजरेच्या टप्प्यात येताच, प्रथम गोफणधारी उभा करून त्याच्या हातून एखादा रानटी योद्धा मारवावा, म्हणजे धनुर्विद्येच्या संशोधनाचा मोठा हिस्सा अनायासे पदरात पडतो, आणि पुढे थोडे सुवर्ण खर्चून त्याच गोफणधाऱ्याचा, एकाऐवजी दोन घरांचा पल्ला असलेला, धनुर्धर करता येतो. तटासाठी गवंडीकामाची विद्या हवी. ती दगडाची खाण उघडल्यास स्वस्त पडते. तट नसलेल्या नगरास स्वतः बाण सोडता येत नाहीत, हे नवखे (आणि काही मुरब्बीही) हटकून विसरतात. मात्र तट फोडण्याचा ओंडकाही ह्याच विद्येतून शेजाऱ्याच्या हाती येतो. सबब केवळ तटावर हवाला ठेवणे मला मान्य नाही. तटामागे दोन धनुर्धर, आणि व्यापाराचे काफिले त्यानंतर.