चेरापुंजीचे जुने चर्च आणि खासी अक्षरे

चेरापुंजीचे नाव कोणी ऐकले नाही? मेघालय राज्यात खासी डोंगर आहेत. त्या डोंगरात हे गाव आहे. तिथले लोक त्याला सोहरा म्हणतात. १८६०-६१ साली एका वर्षात तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला. ते सगळे पाणी जागीच साचले असते, तर पंधरा पुरुष खोल भरले असते! पण आज आम्ही पावसाची नव्हे, अक्षरांची हकीकत सांगणार आहोत.

खासी लोकांत एक जुनी गोष्ट सांगतात. देवाने एका खासी माणसाला आणि एका सपाटीवरच्या माणसाला लिपी दिली. परत येताना वाटेत नदीला पूर. सपाटीवरच्या माणसाने आपली लिपी डोक्यावर बांधली. खासी माणसाने ती तोंडात धरली. पोहता पोहता त्याने ती गिळली! तेव्हापासून खासींचे सारे ज्ञान पोटात राहिले, कागदावर आले नाही.

गोष्ट ती गोष्ट. पण एवढे खरे, की खासी भाषेला स्वतःची लिपी नव्हती. बंगालमधील सेरामपूरच्या पाद्र्यांनी बंगाली अक्षरांत खासी पुस्तक छापले होते. पण ती अक्षरे लोकांत रुजली नाहीत.

२२ जून १८४१ रोजी थॉमस जोन्स नावाचे पाद्री सोहऱ्याला आले. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा लहान देश आहे, तिथले ते. सुताराचे पोर. त्यांनी खासी बोली ऐकली, शिकली आणि रोमन अक्षरांत लिहिली. लिहिण्याची रीत मात्र आपल्या वेल्श भाषेची ठेवली. तिची खूण आजही दिसते. खासी मुळाक्षरांत ए, बी यांच्यानंतर सी येत नाही, के येते. कारण वेल्श भाषेत सीचा उच्चार 'क' असाच होतो. १८४२ साली जोन्ससाहेबांनी सोहरा, मॉस्माई आणि मॉम्लू या तीन गावी शाळा काढल्या. लोकांना सुतारकामही शिकवलं.

सोहऱ्यात नोंगसोलिया नावाची वस्ती आहे. तिथे १८४६ साली ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. म्हणजे शाळा आधी आणि मंडळी मागून. हे चर्च प्रेस्बिटेरियन पंथाचे. प्रेस्बिटर म्हणजे वडीलधारा माणूस. या पंथात बिशप नसतो. मंडळीतले लोक आपले वडील निवडतात. ते वडील आणि पाद्री एकत्र बसून कारभार पाहतात. आपल्या गावच्या पंचांसारखेच म्हणा ना!

पुढे जोन्ससाहेबांचे मिशनशी बिनसले. ते मिशनमधून बाहेर पडले. तिथला एक बडा इंग्रज व्यापारी गरिबांना नाडत होता. साहेब खासींच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यापायी त्यांना तिथून पळावे लागले. १८४९ साली कलकत्त्यास तापाने ते वारले. १२ जून १८९७ रोजी मोठा भूकंप झाला. खासी डोंगरातल्या दगडी इमारती ढासळल्या. पण मंडळी टिकली. लोकांनी पुन्हा भिंती उभारल्या.

धर्म बदलला तरी खासींची जुनी चाल गेली नाही. खासींमध्ये मुले आईचे कूळ लावतात. घरदार धाकट्या मुलीकडे जाते. ख्रिस्ती खासीही हीच रीत पाळतात.

सगळेच खासी काही ख्रिस्ती झाले नाहीत. बाबू जीबन रॉय यांनी आपला जुना धर्म सोडला नाही. पण त्यांनी १८९६ साली छापखाना काढला आणि खासींच्या धर्माची, चालीरीतींची पुस्तके छापली. ती कोणत्या अक्षरांत? चर्चच्या शाळेतून आलेल्या त्याच रोमन अक्षरांत! पाद्र्यांनी अक्षरे आणली ती बायबल वाचण्यासाठी. पण पाद्र्यांचा धर्म न मानणाऱ्यांनीही ती आपलीशी केली.

आम्हाला या हकीकतीत हेच मोलाचे वाटते. अक्षर कोणी शिकवले, कशासाठी शिकवले, हा एक भाग झाला. पण एकदा ते शिकले, की शिकणाऱ्याचे होते. मग त्याने काय वाचावे आणि काय लिहावे, हे त्याचे त्याने ठरवायचे. वाचकहो, तुम्हीही आता अक्षर शिकला आहात. ते आता तुमचे आहे.