गोलपाशी एकच जागा

हॉकी संघातल्या अकरांपैकी दहा जणांना गरजेप्रमाणे पुढेमागे हलवता येते. बचावपटू मधल्या फळीत खेळतो, मधल्या फळीतला वेळ पडली तर आक्रमणाला जातो. गोलरक्षकाची जागा मात्र एकच असते. ती दुसऱ्याने धरून ठेवली असेल, तर कितीही तयारीचा गोलरक्षक वर्षानुवर्षे बाकावर बसतो. म्हणून त्याची कारकीर्द इतर खेळाडूंसारखी हळूहळू चढत-उतरत नाही. दुसऱ्याच्या दुखापतीमुळे ती सुरू होते आणि कित्येकदा एका सामन्यात संपते.

बर्फावरच्या हॉकीत हे अधिक ठळक दिसते. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक संघ एकाच गोलरक्षकावर चालत. ग्लेन हॉल हे 1955 ते 1962 या काळात डेट्रॉइट आणि शिकागोकडून सलग 502 सामने खेळले, तेही चेहऱ्यावर मुखवटा न लावता. सामन्यात नियमितपणे मुखवटा घालण्याची प्रथा माँट्रियलच्या जाक प्लांट यांनी 1959च्या नोव्हेंबरात पाडली. चकती तोंडावर बसून टाके पडल्यावर मुखवट्याशिवाय परत जायला त्यांनी नकार दिला. ही रबरी चकती साधारण 156 ते 170 ग्रॅमची असते. मैदानी हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे मार जवळपास तेवढाच. फरक आहे तो गोलच्या आकारात. बर्फावर गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, तर मैदानावर बारा फूट रुंद आणि सात फूट उंच.

बर्फावरची हॉकी भारतात मुख्यतः लडाखच्या हिवाळ्यात खेळली जाते. मैदानी हॉकीतल्या भारतीय गोलरक्षकांची परंपरा मात्र सुरू होते ती नागपुरात जन्मलेल्या माणसापासून. रिचर्ड ॲलन यांचा जन्म तिथे 1902मध्ये झाला, शिक्षण मसुरी आणि नैनितालला. 1928च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले आणि ॲलन यांच्या मागच्या जाळीत एकही चेंडू गेला नाही. 1932मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध भारताने 24 गोल केले, उलट एक झाला. तो झाला तेव्हा ॲलन गोलच्या मागे प्रेक्षकांना सह्या देत उभे होते, अशी गोष्ट सांगितली जाते. खरी असो वा नसो, त्या सामन्यात गोलरक्षकाला किती काम होते ते तिच्यावरून कळते. 1936च्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात जर्मनीने एक गोल केला. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदके आणि अंगावर फक्त दोन गोल. तरीही त्या संघांचे नाव निघाले की ध्यानचंद आठवतात, ॲलन नाहीत.

1948मध्ये लंडनला मुंबईचे लिओ पिंटो आणि मद्रासचे रंगनाथन फ्रान्सिस असे दोन गोलरक्षक गेले होते. फ्रान्सिस पुढे 1952 आणि 1956च्या संघांतही होते. पण 1956च्या मेलबर्नमधल्या अंतिम सामन्यात गोलपाशी उभा होता तो संघात नवा असलेला एक सैनिक, शंकर लक्ष्मण.

लक्ष्मण यांचा जन्म 1933चा, मध्य प्रदेशातल्या महू छावणीतला. 1947मध्ये ते लष्करी बँडपथकात भरती झाले. आधी फुटबॉल खेळत, मग हॉकीकडे वळले. त्यांची रेजिमेंट मराठा लाइट इन्फंट्री. तिचे केंद्र बेळगावला आहे. 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने 38 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. मात्र उपांत्य आणि अंतिम, हे दोन्ही सामने 1-0 असे निसटते होते. ॲलन यांच्या काळातली निवांतपणाची सोय आता उरली नव्हती. 1960मध्ये रोमला पाकिस्तानने तोच 1-0 उलटवला आणि 1928पासूनची भारताची सुवर्णपदकांची साखळी तुटली.

1964च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशी होता. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि उरलेला वेळ लक्ष्मण यांनी पाकिस्तानचे हल्ले परतवण्यात घालवला. त्या काळातला गोलरक्षक आज पाहिला तर अंगावर काही नसल्यासारखा वाटेल. पायाला क्रिकेटसारखे पॅड, बुटांवर किकर, हातमोजे. डोक्याला शिरस्त्राण नाही आणि चेहरा उघडा. त्यामुळे अंगावर झेप घेऊन चेंडू अडवण्यापेक्षा पाय नेमक्या जागी ठेवणे, चेंडू पॅडवर मरू देणे आणि लगेच बाजूला तटवणे यावर सगळी भिस्त असे. गवताच्या मैदानावर चेंडू उसळायचा, म्हणून नजर शेवटच्या क्षणापर्यंत चेंडूवरच लागे. लक्ष्मण यांची ख्याती याच स्थिरपणाची होती.

1966मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. आंतरराष्ट्रीय हॉकीत गोलरक्षकाने संघाचे नेतृत्व करण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. त्या स्पर्धेत पाकिस्तानला हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक पहिल्यांदा जिंकले. 1964मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता, 1967मध्ये पद्मश्रीही मिळाली. 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही, आणि भारत ऑलिंपिकमध्ये प्रथमच अंतिम सामन्याबाहेर राहिला. 1979मध्ये ते लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. शेवटच्या दिवसांत पायाला गँग्रीन झाले आणि 2006मध्ये महूलाच त्यांचे निधन झाले.

लक्ष्मण यांच्या काळात आणि नंतरही लष्कर, रेल्वे, कस्टम्स, पोलीस, विमान कंपन्या यांची नोकरी हाच हॉकीपटूचा व्यवसाय असे. खेळाडूंचे लिलाव करणारी हॉकी इंडिया लीग 2013मध्येच आली. कस्टम्समध्ये नोकरी करणारे मीर रंजन नेगी 1982च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत गोलरक्षक होते. अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला 7-1 असे हरवले. दोष सगळ्या बचावफळीचा होता, पण पैसे खाल्ल्याचे आरोप एकट्या नेगींवर झाले आणि त्यांची कारकीर्द तिथेच थांबली. 1998मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेला ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून गेले. तिथे गोलरक्षक आशिष बल्लाल यांनी दक्षिण कोरियाचे पेनल्टी स्ट्रोक अडवले आणि 32 वर्षांनी, लक्ष्मण यांच्यानंतर प्रथमच, आशियाई सुवर्ण आले. परत आल्यावर हॉकी महासंघाने बल्लाल आणि संघाचे कर्णधार, खडकीचे धनराज पिल्ले यांच्यासह अनेक ज्येष्ठांना वगळले. नेगींच्या आयुष्यावर काही अंशी बेतलेला ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट 2007मध्ये आला.

दरम्यान खेळच बदलला होता. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले, चेंडू वेगाने धावू लागला, काठीने ओढत फेकण्याच्या ‘ड्रॅग फ्लिक’ने तो गोलच्या वरच्या कोपऱ्यात जाऊ लागला. गोलरक्षकाचे पॅड जाड फोमचे झाले, डोक्यावर शिरस्त्राण आणि चेहऱ्यावर जाळी आली. मग झेप घेणे, आडवे पडणे, छातीने चेंडू अडवणे हे रोजचे झाले.

यवतमाळच्या आकाश चिकटेला संधी मिळाली ती भारताचा मुख्य गोलरक्षक पी. आर. श्रीजेश याच्या दुखापतींमुळे. 2016च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो गोलपाशी होता. 2017च्या डिसेंबरात भुवनेश्वरला वर्ल्ड लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमविरुद्ध शूटआउटमध्ये भारत जिंकला, त्या विजयाचा नायक चिकटेच होता. पुढच्याच वर्षी उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली.

श्रीजेशने ती जागा 2024च्या पॅरिसपर्यंत धरून ठेवली. निवृत्त झाला तेव्हा तो 36 वर्षांचा होता. बर्लिनला ॲलनही 34 वर्षांचे होते. गोलरक्षकाला पळायचे कमी असते आणि अंदाज वयाबरोबर पक्का होतो. पॅरिसच्या 16 जणांच्या संघात श्रीजेश हाच एकमेव गोलरक्षक होता, कृष्ण पाठक राखीव. त्यानंतर पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा यांच्याकडे जबाबदारी आली. इतर स्पर्धांत मोठे संघ आणि खुल्या बदलीचा नियम असल्यामुळे आता दोन गोलरक्षकांना आळीपाळीने खेळवता येते.