मासे हवेत? मग आधी गवत लावा!

तळ्यातले मासे कमी झाले तर काय करायचं? मत्स्यबीज आणून सोडायचं, एवढंच आपल्याला सुचतं. भंडारा-गोंदियाच्या काही गावांतल्या धिवरांनी, म्हणजे तिथल्या मासेमारांनी, मात्र उन्हाळ्यात बेशरम नावाचं माजलेलं झुडूप उपटून तळ्याचा कोरडा काठ नांगरला, आणि पाऊस लागल्यावर तिथे पाणवनस्पती लावल्या. धानाची रोवणी करतात तशा, चिखलात उभं राहून, हातानं!

ही तळी म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव. ती बांधणाऱ्या कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी जमिनीचा उतार असा काही ओळखला, की वरच्या तळ्याचा सांडवा वाहिला की पाणी धानाच्या बांध्यांमधून उतरत खालच्या तळ्यात जातं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तळी सरकारकडे आली. पुढे त्यांत रोहू, कतला वाढवायची रीत पडली.

आता गंमत बघा. रोहू-कतला मूळचे नदीचे. पुराचं वाहतं पाणी लागल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. साचलेल्या तळ्यात ते पोसतात, पण त्यांचा वंश वाढत नाही. बीज पुन्हा पुन्हा विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी, मागूर यांचं तसं नाही. त्यांची वीण तळ्यातच होते, काठाच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला. नेमकी तीच जागा बेशरमनं बळकावली होती!

कुठल्या मासळीला कुठली वनस्पती लागते, हे कोणाला ठाऊक? जाळं टाकणाऱ्याला. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं हे ज्ञान धिवरांकडूनच घेतलं आणि त्यांच्याच सोबतीनं काम उभं केलं. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यानं प्रबंधाचा विषय शोधत याच तळ्यांच्या पाळीवर येऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण इथली साधी वनस्पतीसुद्धा थक्क करते. हायड्रिलाचा तुटका तुकडा चिखलात खोचा, त्याला मुळं फुटतात. व्हॅलिस्नेरियाची तऱ्हा तर विलक्षण! तिची नरफुलं पाण्याखाली देठापासून सुटतात, वर येतात आणि तरंगत तरंगत मादीफुलापर्यंत पोचतात. परागण झालं की मादीफुलाचा लांब देठ गुंडाळत जातो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी हे सगळं जमतं कसं?

अशा हिरव्या दाटीतच मरळ थोडी मोकळी जागा करून अंडी घालते. अंडी तरंगतात, आई-बाप राखणीला असतात. पिलं निघाली की त्यांचा लालसर थवा पाण्यात खालीवर होत फिरतो, आणि खाली मोठी मरळ असते. जवळ येणाऱ्या माशावर ती सरळ धावून जाते.