छत्तीस चित्रे आणि एक निळी वाडी

आज मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे मावतात. त्यामुळे ‘ही फिल्म संपली की पुन्हा मिळणार नाही’ या वाक्यातली धाकधूक तरुण मित्रांना समजावून सांगावी लागते. कोडॅक कंपनीने १९३५ साली आणलेली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद केली. तिचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला मिळाला. छत्तीस चित्रांचा तो रोल घेऊन तो भारतातही आला. मुंबईत त्याने अमिताभ बच्चन, नंदिता दास यांचे चेहरे टिपले. रोल धुऊन घ्यायला मात्र त्याला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली लॅब गाठावी लागली.

माझ्याही वाट्याला एकदा असा रोल आला होता, तोही कर्जतला बसून. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये चौकजवळ स्टुडिओ उभारला आणि आमच्या भागातल्या पोरांना सिनेमाची कामे मिळू लागली. माझा एक भाचाही कॅमेऱ्याच्या सामानावर लागला. त्या काळी सिनेमे फिल्मवरच चित्रित होत. हजार फुटांचा रोल जेमतेम अकरा मिनिटे चाले. शेवटचे काही फूट पुढच्या शॉटला अपुरे पडले की ते कापून डब्यात ठेवत. या उरलेल्या तुकड्याला म्हणतात ‘शॉर्ट एंड’. साध्या कॅमेऱ्यातही त्याच रुंदीची, पस्तीस मिलिमीटरची फिल्म चालते. सिनेमाच्या दोन चौकटींच्या जागेत आपले एक छायाचित्र बसते. साडेपाच-सहा फूट तुकडा अंधारात डबीत गुंडाळला की छत्तीस चित्रांची सोय झाली.

२००८ च्या पावसाळ्यात भाच्याने अशी एक डबी आणून दिली. म्हणाला, “मामू, एवढीच आहे. आणि हा रोल गावातल्या स्टुडिओत धुवायला देऊ नका.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. सिनेमाच्या त्या फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असे. फिल्म वेगाने धावताना चरे पडू नयेत, ठिणगी उडू नये, उजेड मागे आपटून परत येऊ नये, म्हणून तो लावत. धुताना आधी तो काढावा लागतो. नेहमीच्या यंत्रात तसाच घातला तर काजळी सुटते आणि रसायनासकट दुसऱ्यांचे रोलही खराब होतात. माझा रोल अखेर मुंबईत, सिनेमाच्या लॅबमध्ये धुतला गेला.

दुसरी गोष्ट मात्र मी विचारलीच नाही. डब्यावर लिहिले होते ‘५०० टी’. ‘टी’ म्हणजे टंगस्टन. ही फिल्म स्टुडिओतल्या दिव्यांच्या पिवळसर उजेडासाठी केलेली असते. तो पिवळेपणा तिने गृहीतच धरलेला असतो. उन्हात वापरायची तर भिंगापुढे नारिंगी फिल्टर लावावा लागतो. नाहीतर सारे जग निळे उमटते.

मी गझल लिहिणारा माणूस. दोन ओळींत सगळे बसवायची सवय. छत्तीस चित्रे मला पुष्कळ वाटली. कर्जत स्टेशनात घाट चढण्यासाठी गाडीला मागून जोडली जाणारी इंजिने, उल्हास नदी, असे करत निम्मा रोल संपला. उरलेला घेऊन मी खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाखालच्या वाडीत गेलो. रस्ता नव्हता, पायवाटेने चढायचे. घरे, शेणाने सारवलेली अंगणे, खेळणारी मुले टिपली. एका म्हातारीने विचारले, “फोटू आमाला कधी दावनार?” मी म्हणालो, “महिन्याभरात घेऊन येतो.”

चित्रे आली ती निळी. छपाईत थोडे सावरले, पण सावल्या निळ्याच राहिल्या. असली चित्रे कशी न्यायची, म्हणून मी ती पाकिटात ठेवून दिली. पुन्हा चांगली काढू, असे म्हणत राहिलो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि इर्शाळवाडी मातीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न जण सापडलेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

वाचलेल्या लोकांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवले होते. काही महिन्यांनी मी तिथे पाकीट घेऊन गेलो. ती म्हातारी कुठे, हे विचारायचे धैर्य झाले नाही. एका तरुणाने एक चित्र बराच वेळ हातात धरले. म्हणाला, “हे आमचं अंगण.” रंगाबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही.

अलीकडे तरुण मंडळी पुन्हा फिल्मकडे वळली आहेत. फुजी कंपनीने सिनेमाची फिल्म २०१३ मध्ये बंद केली. अशा बंद पडलेल्या फिल्मचे जुने डबेही ती हौसेने शोधतात. त्यांना एवढेच सांगेन. फिल्म कोणत्या उजेडाची आहे ते पाहा. ती कोण धुणार, हे आधी ठरवा. जुनी असेल तर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप उजेड जास्त द्या, असा ठोकताळा आहे. आणि तोवर ती थंड जागी ठेवा.

आणि ज्याचे चित्र काढाल, त्याला ते नेऊन द्या. रंग बिघडला असला, तरीही.