भिंगापुढील काचा

नवा कॅमेरा घ्यावयास गेलेल्या गृहस्थाने पैसे मोजावयास सुरुवात केली, की दुकानदार हमखास विचारतो, "वर एक फिल्टर देऊ ना? भिंग सुरक्षित राहील." गृहस्थ मान डोलावतो. घरी आल्यावर चिरंजीव म्हणतात, "बाबा, आता काच कशाला घेतलीत? ते सगळे संगणकावर करता येते." या दोघांपैकी खरे कोणाचे, एवढाच आजचा आपला विषय आहे. आरंभीच सांगून टाकतो, की दोघांचेही थोडेथोडे चुकते. आणि मौज अशी, की दुकानदार जी काच आग्रहाने गळ्यात घालतो, तीच नेमकी सर्वांत कमी कामाची असते.

फिल्टर म्हणजे गाळणी. चहाच्या गाळणीचा गुणधर्म आपल्याला ठाऊक आहे. ती चोथा अडवते. चहात साखर घालणे तिला शक्य नाही. कॅमेऱ्याची गाळणीही तशीच. लाल काच प्रकाश लाल करते असे आपण बोलताना म्हणतो, पण वास्तविक ती निळा आणि हिरवा प्रकाश अडवते आणि लाल तेवढा पुढे जाऊ देते. प्रत्येक गाळणी प्रकाशातून काहीतरी वजा करीत असते. तेव्हा प्रश्न असा विचारावयास हवा, की ही वजाबाकी प्रकाश आत पडण्यापूर्वीच करावयास हवी, की चित्र उमटल्यावर सवडीने केली तरी चालेल? आमच्या मते या एका प्रश्नाने सगळ्या काचांचा निवाडा होतो.

परंतु तो निवाडा करण्यापूर्वी, गाळण्या भिंगापुढेच असतात हा समज दूर केला पाहिजे. त्यासाठी थोडे मागे जाऊ. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाचे व्याख्यान झाले. व्याख्यानासाठी थॉमस सटन या छायाचित्रकाराने रंगीत चौकड्यांच्या एका फितीची छायाचित्रे काढून दिली होती. एक लाल द्रावणातून, एक हिरव्यातून, एक निळ्यातून. छायाचित्रे अर्थात काळीपांढरीच. मॅक्सवेलने ती तीन दिव्यांनी, त्या त्या रंगाच्या गाळणीतून, पडद्यावर एकावर एक पाडली आणि श्रोत्यांपुढे रंगीत फीत उभी राहिली.

या कथेचे उत्तरकांड अधिक रंजक आहे. त्या काळच्या काचेवरील लेपाला लाल प्रकाश मुळी दिसतच नसे. मग लाल गाळणीतून चित्र उमटले कसे? याचा उलगडा बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडक कंपनीतील राल्फ इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. लाल द्रावणातून जंबुपार किरण, ज्यांना आता आपण अतिनील म्हणतो, तेही निसटत होते. आणि फितीचा लाल रंग हे किरण परावर्तित करीत होता. गाळणीच्या फटीतून चोर शिरला आणि जाताना धन्याचेच काम करून गेला! गाळणी कशाला अडवते एवढेच पाहून भागत नाही, तिच्यातून काय गळते तेही पाहावे लागते. हे पुढे दोनदा कामाला येणार आहे.

आज आपल्या खिशातील मोबाइलही मॅक्सवेलच्याच युक्तीवर चालतो. आतील संवेदक हा स्वभावतः रंगांध असतो. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढेच त्यातील प्रत्येक बिंदूला कळते. म्हणून प्रत्येक बिंदूच्या डोक्यावर एक सूक्ष्म रंगीत गाळणी बसवलेली असते. कोडकमधीलच ब्राइस बेयर यांच्या नावाने १९७६ साली ज्या मांडणीचे पेटंट झाले, तिच्यात निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. कारण आपल्या डोळ्यांना बारकावे मुख्यतः हिरव्याच्या आसपास कळतात. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून आपण पैसे मोजतो, तेव्हा त्यात बारा दशलक्ष हिरवे, सहा दशलक्ष लाल आणि सहा दशलक्ष निळे असा हिशेब असतो. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहून गणिताने ठरविले जातात. म्हणजे गाळणी नको म्हणणाऱ्या चिरंजीवांच्या हातातील यंत्रात दोन कोटी चाळीस लक्ष गाळण्या आधीच बसविलेल्या असतात.

त्यांच्याही पुढे आणखी एक काच असते. संवेदकातील सिलिकॉनला डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही दिसतात. ते अडविण्यासाठी ही काच. तिचे काम किती अचूक असावे लागते याचा अनुभव २००६ साली लायका कंपनीच्या एम-८ या महागड्या कॅमेऱ्याच्या ग्राहकांना आला. त्यातील ही काच फार पातळ होती, आणि कृत्रिम धाग्यांचे काळे कपडे जांभळट उमटू लागले. अखेर कंपनीने ग्राहकांना भिंगापुढे लावण्याचे अवरक्तरोधक फिल्टर दिले. आपल्याला हा प्रयोग घरी फुकट करता येतो. दूरदर्शनसंचाचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. पुष्कळ मोबाइलांवर, विशेषतः पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्यात, डोळ्यांना न दिसणारा एक फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. तोच गळलेला प्रकाश.

आता निवाड्याकडे वळू. रंगीत काचा बहुतांशी निवृत्त झाल्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. काळ्यापांढऱ्या फिल्मच्या काळात आकाशातील ढग उठून दिसावेत म्हणून पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावीत. आता तिन्ही रंग वेगळे नोंदले जात असल्याने निळ्याला किती काळे करावयाचे, ते नंतर घरी बसून ठरविता येते. दिव्याच्या पिवळ्या उजेडासाठी लागणाऱ्या निळसर काचेचे कामही कॅमेऱ्यातील पांढऱ्याचा तोल साधणारी सोय करते. मात्र समईच्या उजेडात काढलेले चित्र फार निळ्याकडे ओढू गेल्यास त्यात वाळूसारखे कण दिसू लागतात. समईच्या ज्योतीत निळा प्रकाश मुळातच इतका थोडा, की तो गुणाकाराने वाढविताना चूकही तितकीच वाढते.

परंतु एक काच अशी आहे, की तिला अजून पर्याय मिळालेला नाही. ती म्हणजे पोलरायझर, ध्रुवीकरणाची काच. ध्रुवीकरण हा शब्द वृत्तपत्रांनी अलीकडे राजकारणाला बहाल केला आहे. आपण तो काही मिनिटांपुरता परत मागून घेऊ. प्रकाश ही लहर आहे आणि तिचे कंपन उभे, आडवे, तिरपे अशा सर्व दिशांनी होत असते. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून ती हलविली, तर वरखाली हेलकावे पलीकडे जातात, आडवे अडतात; ही काच प्रकाशाशी तसेच वागते. आता पाणी, काच, ओले पान, रंग दिलेले दार यांवरून जो प्रकाश तिरपा परावर्तित होतो, त्यात एकाच दिशेचे कंपन अधिक असते. पाण्याच्या बाबतीत उभ्या रेषेशी ५३ अंश, काचेच्या बाबतीत ५६ अंश या कोनात ते जवळजवळ पूर्णच एका दिशेचे होते. भिंगावरील काच हळूहळू फिरवीत नेली, की एका क्षणी ही चकाकी नाहीशी होते आणि तळ्याचा तळ दिसू लागतो.

सप्टेंबरात कासच्या पठारावर जाणाऱ्यांनी हे अवश्य करून पाहावे. पावसाने भिजलेल्या पानांवर आभाळाचा पांढरा प्रकाश साचलेला असतो आणि हिरवा रंग त्याखाली दडपून जातो. काच फिरवली, की पानांवरचा पांढरेपणा पुसला जाऊन आतला हिरवा वर येतो. भिजलेला काळा कातळ खरोखर काळा दिसतो. घरातही तिचा उपयोग आहे. भिंतीवर काचेच्या चौकटीत आजोबांची तसबीर असते. तिचे छायाचित्र काढू गेले, की आजोबांच्या कोटावर समोरची खिडकी उमटते. थोडे बाजूला सरकून ही काच फिरविली, तर खिडकी बरीचशी निघून जाते. पितळी समई किंवा पोलादी भांडी यांची चमक मात्र तिला दाद देत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश असा एका दिशेचा होत नाही.

निळे आकाशही असेच. सूर्यापासून काटकोनात असलेल्या पट्ट्यात त्याचा प्रकाश सर्वाधिक ध्रुवित असतो. तर्जनी सूर्याकडे रोखून अंगठा तिला काटकोनात धरावा आणि मनगट फिरवावे. अंगठा ज्या ज्या दिशा दाखवील, तेथे आकाश सर्वांत गडद होईल. सूर्याकडे बोट रोखावयाचे, डोळे नव्हेत. फार रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगावर मात्र या काचेने फसगत होते. अर्धे आकाश गडद, अर्धे फिके असा डाग पडतो. आणि इंद्रधनुष्याचे चित्र घेताना तर फारच सांभाळावे. त्याचा प्रकाशही ध्रुवित असल्याने काच चुकीच्या कोनात फिरली तर इंद्रधनुष्यच गडप होते. आमचे एकदा झाले आहे. धनुष्य कमानीभर आभाळात उभे, आणि आम्ही कॅमेऱ्यातून ते शोधतो आहोत!

हे काम संगणकाला का जमू नये? कारण साधे आहे. आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा संवेदक प्रकाश किती हे नोंदतो, तो कोणत्या दिशेने कंप पावत होता हे नोंदत नाही. एकदा तो आत पडला, की ती माहिती गेली. संगणक आभाळ गडद करून देईल. आजकाल तर चकाकीच्या जागी तळ्यातला मासाही काढून देईल. पण तो त्या तळ्यातला मासा नसेल.

ही काच घेताना 'वर्तुळाकार', म्हणजे सर्क्युलर, जातीची मागावी. हा शब्द काचेच्या आकारासंबंधी नाही. साध्या ध्रुवक काचेमुळे आरशाच्या कॅमेऱ्यांतील प्रकाशमापन आणि केंद्रीकरण चुकू शकते, म्हणून तिच्यामागे आणखी एक थर दिलेला असतो. ही काच दीड ते दोन पायऱ्या प्रकाश खाते, हेही ध्यानात असावे. संध्याकाळी ती काढून खिशात ठेवावी.

दुसरी काच केवळ काळी असते. कोणताच रंग न बदलता ती सर्व प्रकाश कमी करते. दहा पायऱ्यांची काच प्रकाश १,०२४ पटींनी घटविते. साठांश सेकंदाचे चित्र घ्यावयास सतरा सेकंद लागतात. पावसाळ्यात घाटातल्या धबधब्याचे पाणी रेशमासारखे उमटते ते याच काचेने. येथे संगणकाने अर्धी जागा घेतली आहे हे खरे. एकापाठोपाठ पुष्कळ चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली तर बरेचसे तेच साधते. परंतु चलच्चित्र घेणाऱ्यांचा तिच्यावाचून निभाव लागत नाही. सेकंदाला पंचवीस चित्रे घेताना प्रत्येक चित्रासाठी पन्नासांश सेकंद देण्याची रीत आहे. भर उन्हात भिंगाचे तोंड उघडे ठेवून तेवढा वेळ द्यावयाचा, तर काळी काच हवीच. स्वस्त काळ्या काचांतून अवरक्त किरण गळतात आणि चित्र तपकिरी होते. वर खाली निम्मी काळी, निम्मी स्वच्छ असणारी काच पूर्वी आकाश आणि जमीन यांचा मेळ घालण्यासाठी लावीत. दोन चित्रे जोडून आता ते काम होते, झाडे वाऱ्याने हलत नसतील तर.

याच गळतीमुळे एक गोष्ट निक्षून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. २६ डिसेंबर २०१९ रोजी दक्षिण भारतात कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास ग्रहण झाले. अशा वेळी काळी काच लावून कॅमेऱ्याच्या झरोक्यातून सूर्य पाहण्याचा मोह होतो. सूर्य काळवंडलेला, सुसह्य दिसतो. पण न दिसणारे अवरक्त किरण भिंगाने एकवटून डोळ्यात उतरत असतात. पडद्याला वेदना होत नाही, म्हणून इजा झाल्याचे त्या क्षणी कळतही नाही. सूर्यासाठी बनविलेली, प्रकाश सुमारे एक लक्ष पटींनी घटविणारी वेगळी गाळणी मिळते. तीच वापरावी, आणि ती भिंगाच्या पुढेच बसवावी; डोळ्याच्या बाजूला बसविली तर एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकते.

राहिली ती दुकानदाराची काच. ती बहुधा यू.व्ही., म्हणजे अतिनील किरण अडविणारी असते. फिल्मला हे किरण दिसत, उंच डोंगरांवर चित्र निळसर धुरकट येई, म्हणून तिचे महत्त्व होते. आजच्या संवेदकापुढील काच ते काम आधीच करते. आता ती उरली आहे केवळ भिंगाच्या संरक्षणासाठी. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात, धुळवडीत, लहान मुलांच्या चिकट बोटांच्या आसपास ती जरूर लावावी. एरवी भिंगाला धक्क्यापासून वाचविण्यास त्याचे पुढचे नळकांडे, म्हणजे हूड, अधिक उपयोगी. आणि ही काच घ्यावयाचीच तर फार स्वस्त घेऊ नये. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, दोन्ही मिळून आठ. चांगल्या बहुलेपी काचेत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येते. आपल्याजवळची काच कशी आहे हे पाहण्यासाठी रात्री गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे आणि रस्त्यावरच्या दिव्याचे एक चित्र काच लावून, एक काढून घ्यावे. पहिल्या चित्रात दिव्याच्या तिरप्या समोर, अंधारात, त्याच दिव्याचे उलटे फिकट भूत लटकलेले दिसले, तर गणेशोत्सवाची रोषणाई टिपावयास निघताना ती काच घरीच ठेवावी.